तिरळेपणा : ऑपरेशन कधी, पट्टी कधी, नुसता चष्मा कधी

कवडसा
रविवार, सकाळी १०:१५

गेली सोळा वर्षं मी पुण्यात लहान मुलांच्या डोळ्यांच्या विभागात ऑर्थॉप्टिस्ट म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनचं ठरवण्याआधी डोळा किती वळतो, कोणत्या बाजूला वळतो, दोन्ही डोळे मिळून बघतात का, हे मोजायचं माझं काम. अंधारी खोली, टॉर्च, प्रिझमची पट्टी आणि पिपाणीचा आवाज करणारं एक रबरी बदक, यावर माझा दिवस जातो.

हा धागा काढायला कारण शुक्रवारचं. हडपसरच्या पलीकडून सव्वासहा वर्षांची मुलगी आली. डावा डोळा नाकाकडे वळलेला. आईच्या ते तीन वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, तिरळं असणं भाग्याचं, हात लावू नका, मोठी झाली की जाईल आपोआप. आता शाळेत 'चकणी' म्हणून चिडवतात, तेव्हा ऑपरेशन करून द्या म्हणून आले. मी तिचा डावा डोळा तळहाताने झाकला, ती शांत बसली. उजवा झाकला आणि तिने माझा हात ढकलला. पुन्हा झाकला, तर रडायला लागली. का रडते हे आईला कळेना. मला कळलं, कारण मी तिचा दिसणारा एकुलता एक डोळा झाकला होता. डाव्या डोळ्याने तिला तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं ओळखता आलं.

वडील विचारत होते, "ऑपरेशन केलं की दिसायला लागेल ना?"

डोळा सरळ होईल. नजर ऑपरेशनने येत नाही. हे मी रोज सांगते, आणि आज इथे सविस्तर सांगायचं ठरवलंय.

प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू चिकटलेले असतात, चार सरळ आणि दोन तिरके. दोन्ही डोळे मिळून बारा लगाम, आणि ते सगळे मेंदूच्या हातात. एखादा लगाम ढिला पडला, एखादा आखडला, किंवा मेंदूचा हुकूमच नीट पोचला नाही, की एक डोळा समोर आणि दुसरा भलतीकडे. मोठ्या माणसाला असं झालं तर लगेच एकाचे दोन दिसतात. लहान मुलाचा मेंदू मात्र वळलेल्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकायला शिकतो. मग मुलाला त्रास नाही, त्रास नाही म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून घरचे निवांत. तिकडे तो डोळा बघायला शिकतच नाही. त्याला आळशी डोळा म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही, डोळ्याचा त्यात काय दोष? पण रूढ आहे. चांगला डोळा रोज थोडा वेळ पट्टीने झाकून या डोळ्याला बघायला लावायचं, हा त्यावरचा उपाय. ऑपरेशनने नजर येत नाही, म्हणून आधी पट्टी आणि मग ऑपरेशन. सात वर्षांच्या आत पकडला तर भरून निघायची आशा सगळ्यात जास्त. त्यानंतरही प्रयत्न सोडायचा नसतो, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची नजर सुधारल्याचं अभ्यासांत दिसलंय, पण वाट अवघड होत जाते.

शंभर माणसांत दोन ते चार जणांना कमी-जास्त तिरळेपणा असतो. म्हणजे पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एखाद-दुसरं मूल असणारच.

युरोपात आत वळणारे डोळे जास्त आढळतात, आशियात बाहेर वळणारे. माझ्या खोलीतही सगळ्यात जास्त येतो तो मधूनमधून बाहेर जाणारा डोळा. सकाळी मूल ताजं असतं तेव्हा दोन्ही डोळे सरळ. संध्याकाळी दमलं, ताप आला, खिडकीबाहेर दूरवर बघत तंद्री लागली, की एक डोळा हळूच कानाकडे सरकतो. आई म्हणते, "अरे, इकडे बघ," की पुन्हा जागेवर. स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं मूल उन्हात एकच डोळा मिटून घेत असेल तर ती लाडिक सवय समजू नका, या प्रकारात हे नेहमी दिसतं.

दुसरा प्रकार दोन-तीन वर्षांच्या मुलांचा. प्लसचा मोठा नंबर असतो. स्पष्ट दिसावं म्हणून डोळा आतून जोर लावतो, आणि तो जोर लावताना डोळे आत वळतात. चष्मा घातला की डोळा सरळ, काढला की आत. चष्म्याने पूर्ण सरळ होत असेल तर याला ऑपरेशन लागत नाही. अर्धाच सरळ होत असेल तर चष्मा घालून जेवढा तिरळेपणा उरतो तेवढ्याचंच ऑपरेशन. "चष्मा काढला की जास्त तिरळं दिसतं, चष्म्यानेच सवय लागली" म्हणून चष्मा कपाटात ठेवणारे पालक मला दर महिन्याला भेटतात. असं करू नका हो. चष्मा काढल्यावर दिसतो तो तिरळेपणा आधीपासूनच होता. चष्म्याने तो धरून ठेवला होता.

तिसरा, जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत दिसणारा, चांगला मोठा, आत वळलेला डोळा. याला चष्मा सहसा पुरत नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून बघायची थोडी तरी शक्ती यावी म्हणून दोन वर्षांच्या आत ऑपरेशन करायचा प्रयत्न असतो. बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने अधूनमधून इकडेतिकडे जातात, तेवढं चालतं. त्यापुढे जात राहिले तर दाखवायचं.

आणि काहींना तिरळेपणा नसतोच. नाकाचा वरचा भाग चपटा आणि रुंद, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी, त्यामुळे बाळ आत बघतंय असं वाटतं. टॉर्च धरला की दोन्ही बाहुल्यांत उजेडाचा ठिपका एकाच जागी पडतो. अशा आईबाबांना घरी पाठवताना मला फार बरं वाटतं.

एका गोष्टीसाठी मात्र सहा महिने काय, सहा दिवससुद्धा थांबू नका. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लाल ठिपक्याऐवजी पांढरी चमक दिसली, किंवा लहान मुलाचा डोळा नव्यानेच वळायला लागला, तर बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासून घ्या. पडद्यावर गाठ असेल तर तिची ही चिन्हं असतात. क्वचितच निघते, पण वेळेत सापडली तर जीव वाचतो आणि पुष्कळदा डोळाही.

विचारा काय विचारायचं ते. वैयक्तिक औषधोपचार इथे सांगणार नाही, पण ओपीडीत डॉक्टर काय बोलतात ते समजावून देऊ शकते.

मुठेकाठ
रविवार, दुपारी १:०५

ताई, स्कूटरवरचं मूल म्हणजे आमचंच. मुलगा पाच वर्षांचा. सिंहगड रोडला उड्डाणपुलावर ऊन समोरून आलं की उजवा डोळा गच्च मिटतो. मी त्याला ओरडायचे, नीट बघ म्हणून. आता वाईट वाटतंय.

डॉक्टरांनी सांगितलं, सध्या ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी या. सासूबाई म्हणतात डॉक्टर बदल, इतकं दिसतंय तर थांबायचं कशाला? पण त्यांच्या खोलीत गेलं की याचा डोळा एकदम सरळ! डॉक्टरांना आम्ही खोटं सांगतोय असं वाटत असेल का?

कवडसा
रविवार, दुपारी ३:३०

अजिबात नाही. आमच्या खोलीत मूल सावध असतं, डोळा सांभाळून धरतं. म्हणून एक करा. संध्याकाळी सहा-सातला, तो दमलेला असताना, खिडकीतून लांबचं काहीतरी दाखवा आणि त्याच्या चेहऱ्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. महिन्यातून दोन. तारखेसह जपून ठेवा. तेवढ्यावरून आम्हाला फार कळतं.

थांबायचं कारण असं, की त्याचे डोळे अजून दिवसातला बराच वेळ मिळून बघताहेत. डॉक्टर बघतात ते हे : डोळा दिवसात किती वेळा सुटतो, सुटल्यावर पापणी मिटली की परत येतो का, आणि वस्तू किती जवळ, किती लांब हे कळतं का. माझ्याकडे एक माशीचं चित्र आहे. काळा चष्मा घालून बघितलं की मोठी माशी कागदावरून वर आल्यासारखी दिसते. मुलाला सांगायचं, तिचे पंख चिमटीत पकड. ज्याचे डोळे मिळून बघतात ते मूल कागदाच्या दोन-तीन इंच वर, हवेतच चिमूट धरतं, काही मुलं तर घाबरून हात मागे घेतात. ज्याचे मिळून बघत नाहीत ते थेट कागदावर बोट टेकवतं. पुढच्या वेळी तुम्ही शेजारी बसाल तेव्हा नीट बघा, त्याची बोटं कुठे थांबतात. हवेत थांबणारी बोटं हळूहळू कागदाकडे यायला लागली, किंवा डोळा अर्धा दिवस सुटलेलाच राहायला लागला, की ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. आणि सासूबाईंना सांगा, थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. दर वेळी मोजून थांबतात.

ओरडू मात्र नका त्याला. उन्हात टोपी द्या.

वारज्याची आजी
रविवार, रात्री ८:२०

मी इथे फारशी लिहीत नाही. पण पट्टीचं वाचलं म्हणून लिहिते.

माझ्या नातीला पाचव्या वर्षी पट्टी सांगितली. दिसणाऱ्या डोळ्यावर रोज दोन तास. सून नोकरीला, म्हणून पट्टी माझ्याकडे. पहिला आठवडा नुसती रडारड. पट्टी ओढून काढायची, चष्म्याच्या फटीतून बघायची, माझ्या अंगावर धावून यायची. मी मनातून खचले होते. चांगला डोळा झाकून पोरीला आंधळं करतोय असंच वाटायचं. दोन दिवस मी पट्टी लावलीच नाही आणि सुनेला लावली म्हणून सांगितलं. ते चुकलं माझं.

मग दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, आजी, नुसती पट्टी लावून बसवू नका, त्या डोळ्याला काम द्या. जवळचं, बारीक काम. मी तांदूळ निवडायला बसवलं. ताटात मूठभर तांदूळ, त्यात मीच दहा खडे टाकायचे. पहिल्या दिवशी तीन सापडले. पुढे मण्यांची माळ. मग गणपती आले. दुर्वा निवडायला बसवलं. तीन पानांची दुर्वा वेगळी काढायची आणि एकवीसची जुडी करायची. पहिल्या जुडीत निम्मं नुसतं गवत होतं! अनंत चतुर्दशीपर्यंत ती पट्टी लावून मला दाखवायला लागली, आजी, ही तुझी चुकली, हिला दोनच पानं आहेत.

सुरुवातीला कमजोर डोळ्याची नजर ६/३६ होती, म्हणजे चांगल्या डोळ्याला छत्तीस मीटरवरून दिसतं ते तिला सहा मीटरवरून दिसायचं. नऊ महिन्यांनी ६/१२ झाली. त्यानंतर डोळा सरळ करायचं ऑपरेशन झालं. आधी पट्टी आणि मग ऑपरेशन का, हे तेव्हा आम्हाला कोणी नीट सांगितलं नव्हतं, ते या धाग्यात कळलं.

कवडसा
रविवार, रात्री ९:१०

आजी, तुमचा प्रतिसाद मी उद्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लावू का? तुमची परवानगी असेल तरच.

दोन तासांबद्दल सांगते, कारण पुष्कळ पालक 'जास्त लावली तर लवकर बरं होईल' म्हणून दिवसभर लावतात. नजर मध्यम उतरली असेल तर रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकंच काम करते, हे २००३ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. नजर फार उतरलेली असेल तर सहा तास लागू शकतात. आपल्या मनाने वाढवायची नाही, कारण चांगला डोळा सतत झाकून त्याचीच नजर उतरल्याची मुलं मी पाहिली आहेत. एकदम बंदही करायची नाही. बंद केल्यावर पहिल्या वर्षात नजर पुन्हा घसरू शकते, म्हणून तपासणी चालू ठेवा. पट्टी कातडीला चिकटवायची. चष्म्याच्या काचेवर लावली तर मुलं फटीतून बघतातच. आणि ज्यांना पट्टी अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचा थेंब घालून तो जवळचं धूसर करायचा, असाही मार्ग आहे. ते डॉक्टर ठरवतील.

रोहिडा
रविवार, रात्री ११:४५

मी भोर तालुक्यातला. सदाशिव पेठेत अभ्यासिका लावलीय, सकाळी ग्राउंड. केंद्रीय दलांच्या भरतीची तयारी करतोय. जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय की गुडघ्याला गुडघा लागता कामा नये, तळवे सपाट नकोत, व्हेरिकोज व्हेन नको, डोळ्यांत तिरळेपणा नको. माझा उजवा डोळा थोडा बाहेर जातो. पळण्यात, उंचीत, छातीत सगळ्यात बसतो. मित्र म्हणतात ऑपरेशन कर, महिन्यात होतं. वय २१. घरी अजून सांगितलं नाही. ऊसतोडीचे पैसे येतील तेव्हा बघू असं चाललंय.

कवडसा
सोमवार, सकाळी ७:५०

रोहिडा, भाऊ, आधी एक तपासणी करून घे : प्रत्येक डोळा वेगळा झाकून, चष्म्याशिवाय, किती ओळी वाचता येतात ते. भरतीत तिरळेपणा आणि नजर या दोन वेगळ्या अटी असतात. उजवा डोळा लहानपणापासून मागे पडलेला असेल तर ऑपरेशनने तो सरळ दिसेल, पण तक्त्यावरची ओळ वाढणार नाही. असं असूनही ऑपरेशनवर खर्च केला आणि मग नजरेवर बाद झाला, असे दोन मुलगे मला माहीत आहेत. ते बघून आजही पोटात तुटतं. म्हणून हे आधी.

नजर चांगली निघाली तर ऑपरेशनचा विचार जरूर कर. पण महिन्यात सगळं होतं यावर विसंबू नको. लाली जायला दोन-तीन आठवडे, डोळा कुठे स्थिरावला हे कळायला दीड-दोन महिने, आणि काहींना दुसरं ऑपरेशन लागतं. भरतीची तारीख बघून मागे मोजत ये. आणि घरी सांग. भूल घेतल्यावर बरोबर कोणीतरी लागतंच.

गाडीतळ
सोमवार, सकाळी ९:३०

माझं वय ५८, मधुमेह बारा वर्षांचा. गेल्या श्रावणात सकाळी स्वारगेटला उभा होतो. समोरून कात्रजची बस आली, तिच्या शेजारी तश्शीच दुसरी बस. चढायला पाय उचलला आणि पायरीच्या जागी रस्ता. पडलो. घरी मंडळींना वाटलं चक्कर. एक डोळा झाकला की एकच दिसायचं, दोन्ही उघडले की दोन. डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळतच नव्हता.

तपासण्या झाल्या, मेंदूचा एमआरआय झाला. सहावी नस म्हणाले. ऑपरेशन नाही केलं. शुगर आणि बीपी ताब्यात आणायला सांगितलं, एका काचेवर चिकटपट्टी लावून दिली. चौथ्या महिन्यात दोनाचं एक झालं. माझ्यासारखे कोणी असतील तर धीर धरा.

कवडसा
सोमवार, दुपारी १:१५

काका, हे लिहिलंत ते बरं केलंत. मोठ्या वयात अचानक दोन दिसायला लागणं हा वेगळा विषय आहे. लहानपणाच्या तिरळेपणाशी त्याची गल्लत करायची नाही. डोळ्याला बाहेर ओढणाऱ्या स्नायूकडे जाणारी सहावी नस मधुमेहात, रक्तदाबात रक्तपुरवठा कमी पडून रुसते, आणि बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत परत येते. म्हणून ऑपरेशनची घाई नसते. पण तपासणीची घाई असते, त्याच दिवशी. डोकं जोरात दुखतंय, उलट्या होताहेत, पापणी खाली पडलीय, बाहुली मोठी झालीय, तर थेट इमर्जन्सीत जा, रात्र असली तरी.

सहा महिन्यांनीही नस आली नाही तर ऑपरेशन करतात. मधल्या काळात काहींना बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. लोकांना ते सुरकुत्यांचं म्हणून माहीत आहे, पण ते औषध माणसांत आधी तिरळेपणासाठीच वापरलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अॅलन स्कॉट यांचं ते काम, आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी. थायरॉईडच्या आजारातही डोळ्याचे स्नायू जाड आणि ताठ होतात, बहुधा खालचा आधी. तिथे आजार निदान सहा महिने शांत होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर केलेलं माप पुन्हा बदलतं.

शेवंती
सोमवार, रात्री १०:०५

मी ३६ वर्षांची. डावा डोळा लहानपणापासून बाहेर. आईवडिलांनी वयाच्या आठव्या वर्षी दाखवलं होतं, तेव्हा चष्मा दिला आणि विषय संपला.

दहावीपासून मी केसांची एक बट डाव्या बाजूला सोडायचे. फोटोत नेहमी उजवीकडून. बघायला मंडळी यायची तेव्हा मावशी मला खिडकीच्या एका बाजूला बसवायची, मान जराशी वळवून. एका मुलाकडच्यांनी चहा घेता घेता विचारलं, ही नक्की कोणाकडे बघतेय? मी पोह्यांच्या बशा उचलून आत गेले ते बाहेर आलेच नाही.

पंचविशीत एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वरवर बघून सांगितलं, आता वय गेलं, उपयोग नाही, दिसायचं ते दिसतंय ना. मी अकरा वर्षं ते खरं धरून चालले. तो अकरा वर्षांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिरळेपणाच्या तज्ज्ञांकडे नेलं. तिथे समजलं की मोठ्या वयातही स्नायूचं ऑपरेशन होतं, नजर वाढणार नाही पण डोळा सरळ होईल. आधी प्रिझम लावून बघितलं, सरळ केल्यावर मला दोन दिसतील का याचा अंदाज घ्यायला. मग ऑपरेशन केलं ते टाके सुटे ठेवून, म्हणजे नंतर ओढून जुळवता येतील असे. सकाळी ऑपरेशन झालं, दुपारी मला उठवून बसवलं, समोरच्या दिव्याकडे बघायला लावलं, आणि डोळ्यात बधिर करायचे थेंब घालून गाठ थोडी ओढून घेतली. दुखलं नाही, ओढ जाणवली. विमा कंपनीने सौंदर्यासाठी केलंय म्हणून दावा फेटाळला. डॉक्टरांचं पत्र आणि मोजमापांचे कागद जोडून पुन्हा पाठवलंय.

घरी जायला रिक्षा केली. चालकाने आरशातून माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, कुठे सोडू?" मागे कोणी आहे का म्हणून वळून बघितलं नाही त्याने. मला सांगता येईना कुठे जायचंय.

आता मीटिंगमध्ये मी प्रश्न विचारला की शेजारचा उत्तर देत नाही.

मुठेकाठ
सोमवार, रात्री १०:४०

शेवंती, डोळे भरून आले.

पिंपळवट
मंगळवार, सकाळी ८:१५

बहिणीच्या मुलीचं ऑपरेशन ठरलंय. घरात एकच गोंधळ. आत्या म्हणते डोळा बाहेर काढून ठेवतात आणि परत बसवतात. भाऊजी म्हणतात लेझरने करून घेऊ, दहा मिनिटांत. नक्की काय करतात ते कोणी सरळ सांगेल का?

कवडसा
मंगळवार, दुपारी २:४५

डोळा बाहेर काढत नाहीत. कधीच नाही. आणि लेझरने तिरळेपणा जात नाही. लेझर नंबरासाठी. स्नायू सरकवायला हातच लागतो.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून पाहिलंय, तसं सांगते. मुलीला पूर्ण भूल असेल. पापण्या एका बारीक तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आवरण असतं, त्याला पापणीआड झाकून जाईल अशा जागी छोटीशी चीर देतात. तिथून वाकडा हूक आत घालून स्नायू उचलतात. चपटी, गुलाबी फीत दिसते. आतल्या बाजूचा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो. त्याच्या टोकाला विरघळणारा, केसासारखा टाका घालतात, स्नायू तिथून सोडवतात, कंपासने मिलिमीटर मोजतात आणि मागे नव्या जागी शिवतात. मागे नेला की त्याची ओढ कमी. उलट ओढ वाढवायची असेल तर स्नायूचा तुकडा कापून तो आखूड करून शिवतात. मग आवरण बंद. बस, एवढंच.

किती मागे न्यायचं ते माझ्या खोलीतल्या मापावरून ठरतं. डोळा किती वळलाय ते आम्ही प्रिझममध्ये मोजतो. आत वळलेला डोळा ३५ प्रिझमचा असेल तर दोन्ही डोळ्यांचे आतले स्नायू साधारण ५-५ मिलिमीटर मागे. ५० असेल तर ६. दोन्ही डोळ्यांना का हात लावता, असं सगळे विचारतात. चांगल्या डोळ्यालाही का? कारण दोन्ही डोळे एका जोडीने फिरतात आणि ओढ वाटून दिली तर काम अधिक सारखं होतं. ज्याचा एक डोळा फार कमजोर आहे, त्याच्या चांगल्या डोळ्याला मात्र शक्यतो हात लावत नाहीत, सगळं काम कमजोर डोळ्यावरच करतात.

एका मिलिमीटरने एवढा फरक पडतो, म्हणून मापासाठी मी मुलाला तीन-तीन वेळा बोलावते. लोक वैतागतात. १८३९ साली बर्लिनमध्ये डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या मुलाचं तिरळेपणाचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं तेव्हा स्नायू नुसता कापून सोडायचे, मोजून शिवायचे नाहीत. मग पुढे कित्येकांचे डोळे उलट्या बाजूला गेले. आज आपण मोजतो ते त्या चुकांतून शिकून.

आणि तरीही पहिल्याच फटक्यात सगळ्यांचं जमत नाही, हे बहिणीला आधीच सांगा. साधारण पाचातल्या एकाला, काही प्रकारांत त्याहून जास्त जणांना, कधी ना कधी दुसरं ऑपरेशन लागतं. डॉक्टर चुकले असंच त्यातून समजू नये. स्नायू शिवता येतो, मेंदूला तेवढं पक्कं सांगता येत नाही. बाहेर वळणाऱ्या डोळ्यांत सर्जन मुद्दाम थोडं जास्त दुरुस्त करतात, त्यामुळे पहिले काही आठवडे डोळा किंचित आत वाटतो, दोन दिसतात. बहुतेकांचं ते बसतं. हे आधी माहीत नसेल तर आईबाप हादरतात.

भुलीआधी उपाशीपोटाची वेळ अगदी काटेकोर पाळा. सहा तास आधी अन्न आणि वरचं दूध बंद, अंगावरचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. "एक बिस्कीट दिलं हो, रडत होती" म्हणून ऑपरेशन रद्द झालेली सकाळ सगळ्यांनाच जड जाते. नंतर पहिल्या दिवशी आसवांत रक्ताचा लालसर रंग येतो, उलट्या होऊ शकतात, डोळा टोमॅटोसारखा लाल असतो. घाबरू नका. पण दिवसागणिक दुखणं वाढत गेलं, पापणी सुजत गेली, नजर कमी वाटली, किंवा डोळा एकाएकी एका बाजूला गेला आणि वळेना, तर लगेच फोन करून जा. डोक्यावरून अंघोळ आणि पोहणं डॉक्टर सांगतील तोवर बंद. शाळा साधारण आठवड्याने.

पिंपळवट
मंगळवार, दुपारी ४:००

खूप खूप आभार. कांद्याचा पापुद्रा आत्यांना लगेच पटला. त्या आता स्वतः बरोबर येणार म्हणताहेत.

तबलजी
मंगळवार, रात्री ९:२०

माझ्याकडे शिकायला येणारा नऊ वर्षांचा मुलगा कायम मान उजवीकडे कलती करून बसतो. मी दोन वर्षं त्याच्या बैठकीमागे लागलोय. आईने मानेचे व्यायामही लावले. डोळे तर सरळ दिसतात. याचा डोळ्यांशी संबंध असू शकतो का?

कवडसा
मंगळवार, रात्री ९:५५

असू शकतो, आणि तुम्ही विचारलंत म्हणून मी आज शांत झोपेन. डोळा खाली-आत फिरवणारा एक तिरका स्नायू जन्मापासून कमजोर असेल तर मूल मान एका बाजूला कलती करून दोन चित्रं जुळवतं. मान सरळ केली की एक डोळा वर जातो. मानेत दोष नसतो, मान डोळ्याची सोय करत असते. अशा मुलाची मान ओढूनताणून सरळ करून उपयोग नाही. आईला सांगा, एक डोळा झाकून बघा, मान सरळ होते का. आणि बारशाचे, पहिल्या वाढदिवसाचे फोटो काढा. सगळ्या फोटोंत मान त्याच बाजूला कलती निघाली तर अल्बमच घेऊन तिरळेपणाच्या ओपीडीत या. तोवर बैठकीसाठी बोलू नका त्याला.

मान वळवून बघणारं आणखी एक मूल असतं. त्याचा एक डोळा, बहुधा डावा, बाहेर फिरतच नाही आणि आत फिरवला की पापणीची फट बारीक होते. त्याला ड्यूएन सिंड्रोम म्हणतात. डोळा न फिरणं ऑपरेशनने बरं होत नाही, मान सरळ करता येते. बऱ्याच मुलांना काहीच करावं लागत नाही.

वारज्याची आजी
बुधवार, सकाळी ६:४०

कवडसा बाई, फळ्यावर लावा. नाव नको.

आमच्या कामवाल्या मावशींचा नातू दोन वर्षांचा, डोळा आत जातो. त्यांना वाटतं हजारो रुपये लागतील, म्हणून कुठे गेलेच नाहीत. कुठे पाठवू, आणि बरोबर काय न्यायचं?

कवडसा
बुधवार, सकाळी ७:२०

ससूनच्या नेत्रविभागात दाखवता येईल. महंमदवाडीला पुणे अंधजन मंडळाचं ह. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, तिथे लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. जे जवळ पडेल ते. मूल अंगणवाडीत जात असेल तर ताईंना विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि ते पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी देतात. पण पथकाची वाट बघत बसू नका, हा दोन वर्षांचा आहे. ऑपरेशनची वेळ आली तर सरकारी आरोग्य योजनेत बसतं का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारायचं. रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या. नुसता प्लसचा चष्मा निघाला तर ऑपरेशनचा प्रश्नच नाही.

सकाळी लवकर न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यात दोन-तीन तास जातात, आणि नंतर मुलाला उन्हाचा त्रास होतो, म्हणून टोपी. पोट भरलेलं असू दे, झोप झालेली असू दे. मोबाइलमधले जुने फोटो असतील तर ते. आणि त्याचं आवडतं एखादं खेळणं द्या बरोबर, माझ्या बदकाला काही मुलं घाबरतात.